चांदणीखालची बारीक अक्षरे

ज्या जागी वाचक आज हा मजकूर वाचीत आहेत ती जागा एरवी अग्रलेखाची नव्हे. निकालांच्या हंगामात येथे शिकवणी-वर्गांच्या जाहिराती असतात, आणि अग्रलेख आत, आपल्या नेहमीच्या पानावर, मुकाट्याने बसलेला असतो. हे आम्ही आरंभीच सांगून टाकतो. कारण पुढे जे लिहावयाचे आहे त्यात आमचाही थोडा हिशेब आहे, आणि तो वाचकांनी आमच्याकडे मागण्यापूर्वी आम्हीच मांडलेला बरा.

दहावी-बारावीचे आणि पाठोपाठ अभियांत्रिकी-वैद्यकीय प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की महाराष्ट्रातील शहरांचे रूप पालटते. रिक्षांच्या पाठी, बसचे थांबे, रेल्वे स्थानकांचे पूल, चौकाचौकांतील फलक आणि वृत्तपत्रांची पहिली पाने मुलामुलींच्या चेहऱ्यांनी भरून जातात. चेहरे कोवळे, थोडेसे बावरलेले, आणि प्रत्येकाखाली गुणांचा किंवा क्रमांकाचा ठळक आकडा. रस्त्याच्या अलीकडच्या फलकावर जो मुलगा एका वर्गाचा विद्यार्थी असतो तोच पलीकडच्या फलकावर दुसऱ्या वर्गाचा असतो, आणि पुढल्या चौकात तिसराही त्याच्यावर हक्क सांगतो. यशाला बाप पुष्कळ असतात हे खरे. पण एका मुलाने एकाच वर्षी इतक्या ठिकाणी हजेरी लावली असेल तर त्याने अभ्यास केव्हा केला, हा प्रश्न निदान गणिताच्या शिक्षकांना तरी पडावयास हवा होता.

त्या फलकाखाली मान वर करून उभ्या असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आईबापांना मात्र तो पडत नाही. ते आकडा वाचतात, पत्ता टिपून घेतात आणि सायंकाळी मुदतठेव मोडावी की भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढावी, ह्याची चर्चा करतात. आकड्याच्या डोक्यावर एक चिमुकली चांदणी असते. ती चांदणी खाली कोठे उतरली आहे हे कोणी पाहत नाही. पाहिले तरी ती अक्षरे वाचण्यास भिंग लागावे, आणि बहुधा मराठी जाहिरातीतील ती एकच ओळ इंग्रजीत असते! लोभ दाखवावयाचा तो मातृभाषेत आणि अट सांगावयाची ती परभाषेत, हा व्यवहार आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही खटकण्याजोगे आहे असेही आपल्याला वाटेनासे झाले आहे.

ह्या चांदणीखाली काय दडलेले असते ह्याचा एक अधिकृत नमुना उपलब्ध आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेतून एकंदर ९३३ उमेदवारांची शिफारस केली. दिल्लीतील एका शिकवणी-संस्थेने जाहिरात केली की, त्यांपैकी ६८२ आमचे विद्यार्थी! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने चौकशी केली तेव्हा ह्या ६८२ पैकी ६७४ जणांनी त्या संस्थेत केवळ सरावाची मुलाखत दिली होती असे निष्पन्न झाले, आणि तीही विनामूल्य. म्हणजे ही मुले पूर्वपरीक्षा व मुख्य परीक्षा अन्यत्र अभ्यास करून, किंवा घरी बसून, स्वतःच्या बळावर उत्तीर्ण झालेली होती. शेवटच्या पायरीवर ती तासभर येथे येऊन गेली एवढाच काय तो संबंध. उरले आठ. प्राधिकरणाने ह्या संस्थेस पाच लाख रुपयांचा दंड केला. जाहिरातीतील एक शब्दही, कायद्याच्या किचकट भाषेत बोलावयाचे तर, कदाचित धडधडीत खोटा नसेल. खोटा होता तो तिच्यातून उमटणारा अर्थ. जी मुले ती जाहिरात वाचून वर्षभराच्या संपूर्ण अभ्यासक्रमाचे शुल्क भरीत होती त्यांना, यशस्वी झालेल्यांनी तो अभ्यासक्रम घेतलाच नव्हता, हे कोणी सांगितले नाही.

आमच्या मते हा धडा कोणत्याही शाळेत सातवीच्या वर्गाला शिकवता येण्याजोगा आहे, कारण त्यात अपूर्णांकापलीकडे काही नाही. प्रत्येक जाहिरात अंश छापते आणि छेद लपवते. वीस मुलांना नव्वदाहून अधिक टक्के गुण मिळाले. ठीक, पण वर्गात मुले किती होती? पन्नास असतील तर शिकवणाऱ्यांना आम्ही नमस्कार करू. दोन हजार असतील तर शंभरात एक एवढेच झाले, आणि तेवढी हुशार मुले कोणत्याही शंभरांत निघतात. शिवाय ती वीस मुले प्रवेशपरीक्षा घेऊन, शुल्कात सवलत देऊन, आधीच निवडून आणलेली होती की काय? आमच्या मुलांना अंश आणि छेद ह्यांच्या व्याख्या तोंडपाठ आहेत. फलकाकडे पाहून ‘छेद कोठे आहे?’ असे विचारण्याची सवय मात्र त्यांना कोणी लावलेली नाही, आणि शिक्षणाचे अपयश म्हणतात ते आणखी निराळे काय असते?

कोणी म्हणेल, पैसे आईबापांचे जातात, मुलांना ह्यात कशाला गुंतवावे? हा आक्षेप घेणाऱ्यांनी अशा वर्गात दोन वर्षे काढूनही फलकावर न झळकलेल्या मुलाशी एकदा बोलून पाहावे. त्याचा युक्तिवाद सरळ असतो. वर्ग उत्तम आहे, कारण त्यातून इतके पहिले आले. आईबापांनी पदरमोड करून मला तेथे घातले. तरी मी मागे राहिलो. तेव्हा दोष माझाच. त्या वर्गातील बहुसंख्य मुले त्याच्यासारखीच मागे राहिली, हे त्याला ठाऊकच नसते, कारण त्यांची छायाचित्रे कोणी छापीत नाही. खोट्या जाहिरातीने घेतलेले पैसे एक वेळ ग्राहक आयोगाकडून परत मिळतील. सोळाव्या वर्षी गमावलेला आत्मविश्वास परत देण्याचा अधिकार कोणत्याही आयोगाला नाही. ह्या प्रश्नाला आम्ही पहिल्या पानावर जागा दिली ती मुख्यतः ह्याच कारणासाठी.

कायद्याने आपले काम केलेले नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली व तो २०२० च्या जुलैत अमलात आला. फसव्या जाहिरातीबद्दल उत्पादकास आणि तिची भलावण करणाऱ्या नामवंतासही दहा लाखांपर्यंत, पुनरावृत्ती झाल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करण्याची तरतूद त्यात आहे. शिवाय त्या नामवंतास वर्षभर, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत, जाहिरातींपासून दूर ठेवता येते. जून २०२२ मध्ये केंद्राने जाहिरातींविषयी मार्गदर्शक नियम केले. त्यांत लहान मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर स्वतंत्र बंधने आहेत: पुरेसा शास्त्रीय आधार नसता अमुक वस्तू खाल्ल्याने बुद्धी किंवा शक्ती वाढते असे सांगावयाचे नाही, वस्तू घेण्यासाठी आईबापांकडे हट्ट धरावा असे मुलांना सुचवावयाचे नाही. आणि ज्या भाषेत दावा त्याच भाषेत, त्याच अक्षरवळणात खुलासा असला पाहिजे, असेही त्याच नियमांत लिहिलेले आहे! चांदणीचा बंदोबस्त कागदावर होऊन इतका काळ लोटला; चांदणी मात्र अजून आपल्या जागी लुकलुकते आहे.

शिकवणी-वर्गांसाठी तर नोव्हेंबर २०२४ मध्ये वेगळे नियम आले. यशस्वी विद्यार्थ्याचे नाव व छायाचित्र वापरावयाचे तर त्याची लेखी संमती हवी, आणि तीही तो यशस्वी झाल्यानंतर घेतलेली; प्रवेशाच्या वेळीच कोऱ्या कागदावर घेतलेली सही चालणार नाही. त्याने कोणता अभ्यासक्रम, किती मुदतीचा, पैसे भरून घेतला की फुकट, हेही जाहिरातीत सांगितले पाहिजे. हे नियम जाहीर झाले तोवर प्राधिकरणाने ४५ नोटिसा काढून १८ संस्थांना मिळून ५४ लाख ६० हजार रुपये दंड ठोठावला होता. ही रक्कम ऐकावयास मोठी वाटते. अठरा संस्थांत ती वाटून पाहिली तर प्रत्येकी सरासरी तीन लाख रुपये होतात, आणि एखाद्या मोठ्या संस्थेच्या जाहिरातखर्चात एवढी रक्कम किती दिवस पुरेल, ह्याचा अंदाज आमच्या जाहिरात विभागाला नक्कीच आहे.

येथे आमचा हिशेब येतो. वृत्तपत्राच्या अंकाची किंमत त्याच्या कागदाचा आणि छपाईचा खर्चदेखील भागवीत नाही. बाकीचा भार जाहिरातदार उचलतो, आणि वाचकाला स्वस्तात वृत्तपत्र मिळते. ही व्यवस्था जुनी आहे आणि तिच्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु प्रसिद्ध होणाऱ्या जाहिरातींची वाचकांनी स्वतः खात्री करून घ्यावी, दाव्यांना वृत्तपत्र जबाबदार नाही, अशी जी सूचना आतल्या पानावर कोपऱ्यात छापण्याचा वृत्तपत्रांत रिवाज आहे, ती आमची चांदणी नव्हे तर काय? २०१९ च्या कायद्याने फसवी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यासही दंडास पात्र ठरवले आहे. मात्र धंद्याच्या नेहमीच्या ओघात ती छापली गेली असे दाखवता आले तर त्याची सुटका होते. कायदेशीर दृष्ट्या आम्ही मोकळे आहोत. पण जो अग्रलेख आतल्या पानावर मुलांच्या भवितव्याची चिंता वाहतो आणि ज्याच्या पहिल्या पानावर छेदाविना अंश दिमाखात मिरवतो, त्याच्याकडे पाहून एखाद्या शाळकरी मुलाने आम्हाला प्रश्न केला तर ‘धंद्याचा नेहमीचा ओघ’ हे उत्तर त्याला देण्याचे धैर्य आम्हाला होणार नाही.

ग्राहकाचे हक्क ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी ह्यांनी १५ मार्च १९६२ रोजी सुरक्षितता, माहिती, निवड आणि आपले म्हणणे ऐकले जाणे ह्या चार हक्कांचा उच्चार आपल्या संसदेपुढे केला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६६ साली, मुंबईत ‘कन्झ्युमर गायडन्स सोसायटी’ काही महिलांनी स्थापन केली. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर ह्यांच्या मागे हजारो गृहिणी लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. बिंदुमाधव जोशी ह्यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गट बांधून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करण्याची जी पद्धत घालून दिली ती मध्यमवर्गीय घरांत नित्याची झाली. संसदेचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी आला. ह्या साऱ्या चळवळीत एक गोष्ट गृहीत होती: घरातील खरेदी कर्ती बाई करते, तिला भाव ठाऊक असतात, तराजूची दांडी कोणत्या बाजूला झुकते हे तिच्या डोळ्यांना कळते.

आज ते गृहीत राहिलेले नाही. आज आठवीतला मुलगा आईच्या भ्रमणध्वनीवरून दहा मिनिटांत घरपोच वस्तू मागवतो, आणि त्याच्यासमोर तराजू नसतो. ‘फक्त दोनच शिल्लक’ असे लिहिलेले असते आणि शेजारी घड्याळ उलटे धावत असते. टोपलीत न टाकलेली वस्तू हिशेबात हळूच येऊन बसते. वर्गणी चालू करण्यास एक स्पर्श पुरतो आणि बंद करण्यासाठी सात दारे ओलांडावी लागतात. अशा तेरा क्लृप्त्यांची यादीच सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढली व त्या बेकायदा ठरवल्या. त्याच मुलाला आवडणारा कोणी तरुण पडद्यावर येऊन मित्रासारख्या गप्पा मारता मारता अमुक चूर्ण घेतो म्हणून सांगतो. पैसे किंवा भेटवस्तू घेऊन असे बोलणाऱ्याने ती जाहिरात असल्याचे ठळकपणे सांगितले पाहिजे, अशा सूचना जानेवारी २०२३ पासून आहेत. परंतु मैत्री आणि विक्री ह्यांमधील सीमा कोठे पुसली गेली हे ओळखण्याचे शिक्षण मुलाला कोणी दिले? त्याच्या आजीला भाजीवाल्याशी घासाघीस करता येत होती. नातवाचा विक्रेता त्याला दिसतही नाही.

शाळांत हा विषय अगदीच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या अर्थशास्त्रात ग्राहकांच्या हक्कांवर एक प्रकरण वर्षानुवर्षे आहे. ते पुस्तकाच्या शेवटी होते, आणि शेवटच्या प्रकरणाचे शाळेत काय होते हे सर्वांना माहीत आहे. शाळाशाळांतून ग्राहक मंडळे काढण्याची योजना केंद्राने २००२ मध्येच आणली होती. शिवाय दर २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिन येतो. त्या दिवशी निबंध आणि भित्तिचित्रे होतात, ‘ग्राहक हा राजा आहे’ असे रंगीत खडूंनी लिहिले जाते, प्रमुख पाहुण्यांना श्रीफळ दिले जाते आणि राजेसाहेब मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर जाऊन, वेष्टनावरचे काही न वाचता, चकचकीत पाकीट फोडतात. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत अतिरिक्त मीठ-साखर-चरबीचे खाद्यपदार्थ विकण्यास व त्यांची जाहिरात करण्यास २०२० च्या नियमांनी मनाई आहे, ही गोष्ट त्या दिवशीच्या भाषणांत आम्ही तरी ऐकलेली नाही.

हे शिक्षण पुस्तकातून द्यावयाचे नाही. त्याला नवा विषय, नवे पुस्तक आणि नवी परीक्षा लावली तर त्याचेही मार्गदर्शक निघतील आणि त्या मार्गदर्शकांच्याही जाहिराती येतील. जे तास आहेत तेच पुरे आहेत. विज्ञानाच्या तासाला मुलांनी घरून रिकामे पाकीट आणावे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. तेव्हा पौष्टिक म्हणवणाऱ्या पेयाच्या भुकटीत साखर पहिल्या-दुसऱ्या जागी बसली असेल तर ती भुकटी कशाची आहे हे मुलाला आपोआप कळेल. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने अशी पेये ‘आरोग्यपेय’ ह्या सदराखाली विकू नयेत असे ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले, त्याचे कारणही मग वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. गणिताच्या तासाला ‘वीस टक्के अधिक’ लिहिलेले मोठे पाकीट आणि साधे पाकीट ह्यांची प्रतिग्रॅम किंमत काढावी. पुष्कळदा मोठे पाकीट महाग निघते आणि मुलांना त्या उत्तराचा जो आनंद होतो तो नफा-तोट्याच्या शंभर उदाहरणांनी होत नाही. भाषेच्या तासाला औपचारिक पत्र लिहिण्यास शिकवतातच. कल्पित मुख्याध्यापकांना कल्पित सहलीची विनंती करण्याऐवजी एकदा खऱ्या विक्रेत्याला खरी तक्रार लिहावी: पावतीचा क्रमांक, तारीख, काय कबूल केले होते, काय मिळाले, काय भरपाई हवी. उत्तर आले तर ते वर्गात वाचावे. न आले तर १९१५ ह्या राष्ट्रीय साहाय्यवाहिनीवर दूरध्वनी कसा करतात तेही वर्गातच दाखवावे.

नववी-दहावीच्या मुलांना थोडे पुढचेही सांगता येईल. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही. वकील असलाच पाहिजे असे नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, पण दोन वर्षांच्या आत केली पाहिजे. शिकवणी-वर्ग ‘आम्ही शैक्षणिक संस्था आहोत’ असे म्हणून ह्यातून निसटू शकत नाहीत, कारण राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२० मध्येच तशी सबब त्यांच्यापुरती अमान्य केली आहे. जानेवारी २०२४ च्या केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या सूचनांप्रमाणे मध्येच वर्ग सोडणाऱ्यास उरलेल्या मुदतीचे पैसे दहा दिवसांत परत मिळावेत. ह्या सूचना आहेत, कायदा नव्हे. त्यांना बळ द्यावयाचे ते राज्यांनी. तथापि ‘एकदा भरलेले शुल्क परत मिळणार नाही’ ही पावतीवरील ओळ ब्रह्मवाक्य नव्हे, एवढे जरी मुलाला समजले तरी पुष्कळ झाले.

मुले अशाने संशयी होतील, अशी भीती काही सज्जनांना वाटते. जाहिरात हा एक देखणा, कल्पक आणि समाजाला उपयोगी असा व्यवसाय आहे, ह्या मुंबई शहराने तो वाढवला आहे, आणि १९८५ मध्ये त्याच व्यवसायातील जाणत्यांनी स्वतःवर नियमन घालून घेण्यासाठी येथेच परिषद स्थापन केली, हे आम्ही विसरलेलो नाही. अमूलच्या फलकांची वाट पाहणाऱ्या पिढ्या ह्या शहरात वाढल्या. लोण्याविषयी त्यांनी कोणाला फसवले नाही आणि हसवले मात्र पुष्कळ. चांगली जाहिरात ओळखण्यासाठीसुद्धा वाईट जाहिरात ओळखता यावी लागते. क्यूबेक प्रांताने १९८० पासून तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिरात करण्यासच बंदी घातली आहे. आपल्याकडे तसे होणे नाही आणि पडद्याच्या ह्या युगात ते कितपत साधेल ह्याचीही आम्हाला शंका आहे. म्हणून तर मुलाच्या हाती भिंग देण्यावाचून गत्यंतर उरत नाही. आणि शिक्षकांच्या डोक्यावर जनगणना, निवडणुका, पोषण आहार ह्यांचा भार असताना हे आणखी कशाला, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत आहोत. त्यांनी तो भार उतरवावा, आम्ही त्यांच्या बाजूने लिहू.

राहता राहिला प्रश्न ह्या पानाचा. ज्या शिकवणी-वर्गाच्या जाहिरातीत यशस्वी विद्यार्थ्यांच्या संख्येबरोबर त्या वर्षी प्रविष्ट झालेल्या एकूण विद्यार्थ्यांची संख्या, आणि प्रत्येक छायाचित्राखाली त्या विद्यार्थ्याने घेतलेला अभ्यासक्रम, मराठीत व वाचता येईल अशा अक्षरांत दिलेला नसेल ती जाहिरात पुढील हंगामापासून आपण स्वीकारू नये, असा लेखी आग्रह आमच्या संपादक मंडळाने व्यवस्थापनाकडे धरला आहे. व्यवस्थापनाने तो अद्याप मान्य केलेला नाही आणि अमान्यही केलेला नाही. हिशेब चालू आहे. त्याचा निर्णय काय झाला हे सांगण्यासाठी आम्हाला दुसरा अग्रलेख लिहावा लागणार नाही. पुढील वर्षीच्या मे महिन्यात वाचकांनी हेच पान उघडून पाहावे, आणि घरात शाळेत जाणारे मूल असेल तर ते त्याच्याच हाती द्यावे.